निधी हे सर्वांत लहान हत्यार: पहिल्यांदा निवडून आलेल्या नगरसेविकेला उत्तर

प्रश्न असा आहे: "मी पहिल्यांदाच महापालिकेवर निवडून आले आहे. प्रभाग चार सदस्यांचा आहे. सकाळपासून घरी माणसांची रीघ लागते. कुणाला दाखला हवा असतो, कुणाचं चेंबर तुंबलेलं असतं, कुणाला शाळेत प्रवेश हवा असतो. अधिकारी 'बघतो' म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. निधी आला की कमान करा, बाकडी बसवा असा कार्यकर्त्यांचा आग्रह आहे. नाल्याकाठच्या वस्तीत दर पावसाळ्यात पाणी शिरतं, त्यावर मात्र 'ते तुमच्याने होणार नाही' असं सगळे सांगतात. शहरासाठी खरंच काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करू?"

ताई,

सुरुवात अंदाजपत्रकापासून करा. कमान, बाकडी आणि नारळ फोडायचे कार्यक्रम तुम्हाला शोधत येतील. अंदाजपत्रकाचं पुस्तक मात्र मागून घ्यावं लागतं आणि बसून वाचावं लागतं. मी बरीच वर्षं नगरसेविका होते, त्यातली काही स्थायी समितीत गेली, आणि आता नव्याने निवडून आलेल्या सदस्यांना, विशेषतः बायकांना, कामकाज समजावून सांगते. जवळजवळ प्रत्येकीचा पहिला प्रश्न 'मला निधी किती मिळेल' हाच असतो. हा निधी म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांसाठीची तरतूद. पुण्यात त्या कामांच्या यादीला 'स' यादी म्हणतात, तुमच्याकडे नाव वेगळं असेल. ती यादी महत्त्वाची आहे, पण महापालिकेच्या एकूण खर्चात तिचा वाटा लहान असतो. उरलेला सगळा पैसा कुठे जाणार यावरही तुम्हाला मताचा अधिकार आहे, आणि तो वापरायचा राहून जातो.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगते. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. बाकीच्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. कारभार आयुक्त चालवतात. खर्चाला मंजुरी स्थायी समिती आणि महासभा देते. त्यामुळे तुम्ही कनिष्ठ अभियंत्याला 'हे काम उद्या कर' असा हुकूम देऊ शकत नाही. तो 'बघतो' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याकडे त्या कामाला तरतूदच नसते, आणि हे तो तोंडावर सांगत नाही. तरतूद कुठून आणायची हे मात्र तुमच्या हातात आहे.

महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्च करायचा विषय आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला आणि तो पैसा शिक्षणाला द्या म्हणाले. नव्या मंडईच्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांचा याच कारणासाठी विरोध होता. मंडई झालीच, आणि पुढे तिला नावही त्यांचंच मिळालं. हे उदाहरण मी नव्या सदस्यांना मुद्दाम सांगते, कारण दोन्ही वेळा फुल्यांचं म्हणणं मान्य झालं नाही. 'या पैशात दुसरं काय झालं असतं' हा प्रश्न त्यांनी सभागृहात नोंदवला. तुमच्या पक्षाचं बहुमत असो नसो, तो प्रश्न विचारायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

आता पुस्तक कसं वाचायचं ते. प्रस्तावित रकमांचा रकाना सुरुवातीला वाचूच नका. गेल्या वर्षी प्रत्यक्ष जमा किती झाले आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, ते दोन रकाने आधी पाहा. अंदाजपत्रक फुगवायची सवय जुनी आहे. सगळ्यांची कामं बसवायची तर खर्च वाढतो, खर्च बसवायला जमेची बाजू वाढवतात, आणि वर्षअखेरीला पैसा येत नाही. मग तुमच्या नावापुढचं काम कागदावर मंजूर असतं आणि ठेकेदाराचं बिल दोन वर्षं थकलेलं असतं. म्हणून पहिल्याच महिन्यात लेखा विभागाकडून दायित्वाची यादी लेखी मागा: आधी मंजूर झालेली, चालू असलेली, बिलं थकलेली कामं. २०२२ नंतर बऱ्याच महापालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या, त्यामुळे सभागृहासमोर न आलेल्या बऱ्याच गोष्टी या यादीत सापडतील. तुमच्या प्रभागातलं एखादं अर्धवट काम तिच्यात निघालं तर नव्या कामाआधी ते पूर्ण करून घ्या.

जमेची बाजूही समजून घ्या. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर महापालिका राज्याच्या भरपाई अनुदानावर आल्या. हे अनुदान दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायची तरतूद कायद्यात आहे. शहर त्याहून वेगाने वाढलं, तरी ते तेवढंच वाढतं. उरतो मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांमधून येणारं विकास शुल्क. विकास शुल्क बांधकाम बाजाराबरोबर वर-खाली होतं, त्यावर कायमचा खर्च उभा करणं धोक्याचं असतं. करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. त्या सभेला 'करवाढ नको' एवढं एकच वाक्य बोलून खाली बसणारे सदस्य मी खूप पाहिले. तुम्ही विचारा, की ज्या मिळकतींची आकारणीच झालेली नाही अशा किती आहेत, आणि मोठ्या थकबाकीदारांची वसुली कुठे अडली आहे. दर न वाढवता जमा वाढायची वाट तिथून जाते.

पुढे वर्षभर 'वर्गीकरण' या शब्दाकडे लक्ष ठेवा. एका कामाची तरतूद काढून दुसऱ्या कामाला देणं म्हणजे वर्गीकरण. सभेच्या विषयपत्रिकेत हे प्रस्ताव मागे कुठेतरी, कंटाळवाण्या भाषेत असतात. मार्चमध्ये भांडून मिळवलेली ड्रेनेज लाइनची तरतूद ऑक्टोबरमध्ये एखाद्या सुशोभीकरणाकडे वळते ती याच दाराने. प्रत्येक सभेआधी वर्गीकरणाचे विषय आधी वाचायची सवय लावून घ्या. ऐनवेळी येणाऱ्या विषयांचं आणि उपसूचनांचं, म्हणजे ठरावात बदल सुचवणाऱ्या सूचनांचंही तसंच आहे. कागद हातात नसेल तर 'विषय तहकूब ठेवावा' अशी लेखी सूचना द्या. ती नामंजूर होईल, पण इतिवृत्तात राहील.

खर्चाबद्दल माझं ठाम मत आहे की नवं बांधण्यापेक्षा असलेलं चालू ठेवण्यावर नगरसेवकाने जास्त वेळ द्यावा. भांडवली कामाला फलक लागतो, उद्घाटन होतं. देखभालीला यातलं काही मिळत नाही, म्हणून तिला वालीच नसतो. कुठलंही नवं काम सुचवण्याआधी अभियंत्याला विचारा, की पुढच्या पाच वर्षांची देखभाल कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यातून, होणार. उद्यान करायचं तर माळी आणि पाणी, शौचालय करायचं तर साफसफाईचा ठेका आणि वीजबिल, वाचनालय करायचं तर तिथे बसणारा माणूस. उत्तर मिळालं नाही तर ते काम सुचवू नका, कार्यकर्ते रुसले तरी.

माझ्या प्रभागातल्या एका वस्तीत मी बायकांना एकत्र बसवून काय हवं ते विचारलं होतं. नवं शौचालय एकीनेही मागितलं नाही. दाराला आतून कडी, रात्री दिवा, टाकीत पाणी आणि बाहेर टोळकं बसू नये म्हणून कट्टा काढून टाकणं, एवढ्याच मागण्या होत्या. एका कमानीच्या खर्चात अशी कितीतरी शौचालयं दुरुस्त होतात. सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट असावी असा स्वच्छ भारत अभियानाचा निकष आहे. तुमच्या वस्त्यांमधल्या सीट मोजा. वापरात असलेल्या मोजा. कुलूप लावलेल्या आणि फुटलेल्या वगळा. हा हिशेब हातात असलेली सदस्य सभागृहात उभी राहिली की तिला टाळणं अवघड जातं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण प्रभागातला खरा अन्याय पाण्याच्या वेळापत्रकात दिसतो. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर हा मान्य निकष आहे, आणि बहुतेक महापालिका सरासरीत तो पूर्ण झालेला दाखवतात. सरासरीला अर्थ नाही. टाकीजवळच्या सोसायटीला भरपूर पाणी आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला करंगळीएवढी धार, हेही त्याच सरासरीत बसतं. एक दिवस पहाटे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर फिरा. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडतो, कोणत्या गल्लीला किती वेळ देतो, कुठे कुणाच्या सांगण्यावरून एक फेरा जास्त देतो, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि कुठल्याही नकाशावर नसतं. ते लिहून काढा आणि पाणीपुरवठा विभागाकडून त्यावर सही घ्या.

आणि फोन करून स्वतःच्या मतदारांसाठी व्हॉल्व्ह उघडायला सांगू नका. हा मोह फार मोठा असतो, कारण फोन केला की अर्ध्या तासात पाणी येतं आणि लोक तुमचं नाव घेतात. त्याच अर्ध्या तासात पुढच्या गल्लीचा दाब पडतो. तिथल्या बाईकडे तुमचा नंबर नसतो. मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं, ते संपूर्ण वस्त्यांच्या नळजोडांसाठी आणि पाण्याच्या हक्कासाठी लढल्याबद्दल. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून, जास्त वापराला चढता दर ठेवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. ते गाव लहान आहे हे खरं, पण नळाला मीटर, गळती शोधणं आणि शेवटच्या टोकाचा दाब मोजणं ही त्यामागची कामं मोठ्या शहरातही एकेका टाकीच्या क्षेत्रापुरती करता येतात.

तुंबलेल्या चेंबरबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. रात्री फोन येतो, रस्त्यावर मैला वाहत असतो, लोक चिडलेले असतात, तुम्ही आरोग्य निरीक्षकाला किंवा ठेकेदाराला फोन करून 'आत्ताच्या आत्ता मोकळं करा' म्हणता. जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरदार दाबाने गटार मोकळं करणारी, गाडी दुसरीकडे असते. मग तुमच्या त्या आवाजामुळे कुणीतरी एका माणसाला दोर बांधून आत उतरवतं. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस असा उतरवणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरीही माणसं मरतात, आणि मरणारी माणसं कोणत्या जातींची असतात हे आपल्याला माहीत आहे. तुमच्या फोनमध्ये दरवेळी हे वाक्य असू द्या: 'गाडी येईपर्यंत थांबू, कुणालाही खाली उतरवायचं नाही.' लोक रात्रभर चिडतील, चिडू द्या. दुसऱ्या दिवशी जेटिंग मशिन वाढवण्याची मागणी लेखी करा. क्षेत्रीय कार्यालयाच्या पातळीवर एक मशिन वाढवून घेणं पहिल्या वर्षात जमण्यासारखं आहे.

रस्त्यांचं थोडक्यात. रस्ता करायच्या आधी पाणी, ड्रेनेज, विद्युत या विभागांकडून आणि महावितरण, गॅस कंपनी यांच्याकडून 'पुढच्या तीन वर्षांत इथे खोदाई नाही' असं लेखी घ्या. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा आग्रह धरा, नाहीतर दरवेळी रस्ता चार बोटं चढतो आणि बैठ्या घरांचे उंबरे रस्त्याखाली जातात. दोष दायित्व कालावधी किती आहे ते कार्यादेशात बघून ठेवा. त्या मुदतीत खड्डा पडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. त्यासाठी पुन्हा तुमच्या निधीतून पैसे मागितले तर नकार द्या. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही, कशी दिसते ते एकदा अभियंत्याकडून समजून घ्या. सरसकट काँक्रिटीकरणाला मी अनुकूल नाही. खालच्या लाइन जुन्या असतील तर दोन वर्षांत तेच काँक्रीट फोडावं लागतं.

अधिकाऱ्यांशी वागण्याबद्दल. सभागृहात टेबलावर चढून फाइल फेकणाऱ्या सदस्याचा फोटो पेपरात येतो, काम दुसऱ्याचंच होतं. प्रत्येक मागणी लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, आणि त्याचा संदर्भ देऊन सभेला लेखी प्रश्न विचारा. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर येतं आणि ते कायमचं कागदावर राहतं. प्रश्न आकड्याचा असू द्या. 'पथदिवे का बंद आहेत' विचारलंत तर 'कार्यवाही चालू आहे' हे उत्तर येईल. 'अमुक महिन्यात बंद दिव्यांच्या किती तक्रारी आल्या, किती मुदतीत सुटल्या, ठेकेदाराला दंड किती लावला' असं विचारलंत तर उत्तर द्यायला कुणालातरी रजिस्टर उघडावं लागतं. आणि चांगलं काम करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचं, मुकादमाचं, सफाई कामगाराचं नाव सभागृहात घ्या. त्यांच्या आयुष्यात ते सहसा कुणी घेत नाही.

पक्षादेश, म्हणजे व्हिप, हा वेगळा विषय. १९८६ चा अनर्हता (अपात्रता) कायदा स्थानिक संस्थांना लागू आहे, त्यामुळे पक्षादेश मोडून मतदान केलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. तुमचं भांडण सभेआधीच्या पक्षाच्या बैठकीत करा, आकडे घेऊन करा. तिथे चारजणी एकत्र बोलल्या तर विषय मागे घेतला जातो, हे मी पाहिलेलं आहे. आणि सभागृहाने केलेला ठरावही राज्य सरकार कलम ४५१ खाली निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं, हे लक्षात असू द्या. कायद्याबाहेरचा ठराव लोकांना दाखवण्यापुरता करून उपयोग नसतो.

आता तुमच्या दारातली रीघ. ती थांबवू नका, तिची नोंद ठेवा. एक वही करा: तारीख, गल्ली, तक्रारीचा प्रकार, काय झालं. सहा महिन्यांनी ती वही वाचलीत की दिसेल, चेंबर तुंबण्याच्या तक्रारी दोन-तीन गल्ल्यांमधूनच येतात. म्हणजे तिथली लाइन लहान पडते आहे किंवा उतार चुकला आहे. मग गाडी बोलावत बसण्यापेक्षा ती लाइन बदलण्याचं पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) करून घेऊन अंदाजपत्रकात टाकता येतं. दाखल्यांसाठी येणाऱ्यांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ समजावणारा एक कार्यकर्ता ठेवा. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणं बंधनकारक आहे, आणि मिळाली नाही तर अपील करता येतं. तुमच्या शिफारशीशिवाय दाखला मिळाला तर लोक तुम्हाला विसरतील, अशी भीती तुमचे कार्यकर्ते घालतील. मला तसा अनुभव नाही.

तुमच्या दारात न येणाऱ्या माणसांचा विचार जास्त करा. भाडेकरू, रात्रपाळीचे कामगार, पथारीवाले, कचरावेचक. पथारीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत त्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नयेत. तुमच्या शहरात ती समिती प्रत्यक्ष बसते का, ते विचारा. कचऱ्याच्या बाबतीत पुण्याचं 'स्वच्छ' पाहून या. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. त्याआधी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली होती, तिच्या संघटनेतून हे शक्य झालं. वेंगुर्ला नगरपरिषदेने डंपिंग ग्राउंडच्या जागी कचऱ्यावर प्रक्रिया करणारं जे केंद्र उभं केलं, तेही एकदा जाऊन पाहण्यासारखं आहे. दोन्हीकडे ओल्या-सुक्या कचऱ्याचं वर्गीकरण घरात झालं, म्हणून पुढचं जमलं.

प्रभागातल्या बाकी तिघांशी कामाची वाटणी गल्ल्यांनी करू नका, विषयांनी करा. एकाने पाणी, एकाने ड्रेनेज आणि नाले, एकाने रस्ते आणि दिवे, एकाने शाळा-दवाखाने. पक्ष वेगळे असले तरी हे जमतं, कारण एकच काम चौघांनी सुचवून कुणाचंच पुढे न सरकण्याचा त्रास सगळ्यांनाच होतो. महिन्यातून एकदा क्षेत्रीय कार्यालयात चौघांनी आणि सगळ्या विभागांच्या अभियंत्यांनी एकत्र बसायचं, एवढं ठरवून घ्या. कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. ती कागदावरच राहते. तुम्ही ती घ्या. पहिल्या सभेला लोक ओरडतील, दुसरीला कमी येतील, तिसरीपासून काम सुरू होतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आपल्याकडे ५० टक्के जागा बायकांना आहेत आणि तरी कितीतरी ठिकाणी कारभार घरातला पुरुष पाहतो. तुमचे यजमान कितीही मदत करणारे असोत, अधिकाऱ्याला फोन तुम्हीच करा, पाहणीला तुम्हीच जा, सभेत तुम्हीच बोला. पहिल्या तीन महिन्यांत अधिकाऱ्यांच्या मनात जे चित्र बसतं ते पुढे पाच वर्षं टिकतं. आणि घरात कुणाचंही महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध नको, अनधिकृत बांधकाम नको. या दोन्ही गोष्टींनी पद जाऊ शकतं, आणि विरोधक त्या शोधतच असतात.

राहिला नाला. 'तुमच्याने होणार नाही' असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पण एका पावसाळ्यात तो सुटेल असंही वस्तीला सांगू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. त्या रात्री शहरात आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. धडा अवघड नव्हता: पाणी वर कात्रजच्या डोंगरउतारावर पडतं आणि नुकसान खाली काठावरच्या वस्तीत होतं. म्हणून तुमच्या वस्तीच्या दारात उभं राहून नाला समजणार नाही. विकास आराखड्याचा नकाशा आणि जुना मोजणी नकाशा घ्या, ड्रेनेजच्या अभियंत्याला बरोबर घ्या, आणि उगमापासून नदीपर्यंत चालत जा. जिथे पात्र अरुंद झालंय, जिथे भराव टाकलाय, जिथे मोरीच्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेच्या) तोंडात पाण्याची किंवा केबलची लाइन आडवी गेली आहे आणि तिला प्लास्टिक अडकतं, त्या प्रत्येक जागेचा फोटो आणि खूण नकाशावर करा. माझ्या पाहणीत बहुतेक वेळा तीन-चार जागाच खऱ्या अडचणीच्या निघायच्या, आणि त्यातली एखादी तरी मोरीत आडव्या गेलेल्या लाइनची असायची. ती लाइन हलवणं एका हंगामात होतं.

नालेसफाई एप्रिल-मे मध्ये होते. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या पावसात तो परत आत जातो. तो उचलल्याशिवाय बिल निघू नये असं पत्र आधीच देऊन ठेवा. वस्तीतल्याच चार-पाच तरुण मुलामुलींना काम चालू असताना रोज फोटो काढायला सांगा. सफाई नदीच्या बाजूने वर सरकत झाली पाहिजे, नाहीतर वरचा मोकळा झालेला लोंढा खाली अडतो. जूनच्या आधी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची, आजाऱ्यांची, गरोदर बायकांची यादी आणि जवळच्या शाळेच्या चाव्या कुणाकडे आहेत ते लिहून ठेवा.

मोठं काम म्हणजे मोरी रुंद करणं, भराव काढणं, भिंत कुठे हवी आणि कुठे नको ते ठरवणं. त्याला पूर्ण पाणलोटाचा अभ्यास लागतो. भिंतीची घाई करू नका. एका काठाची भिंत समोरच्या काठाला पाणी ढकलते आणि पात्र आणखी आवळते. या वर्षीच्या अंदाजपत्रकात फक्त अभ्यासाची आणि सर्वेक्षणाची तरतूद मागा. रक्कम लहान असल्यामुळे ती सहज मिळते. अहवाल आला की पुढच्या वर्षी पहिल्या मोरीचं काम, त्यानंतर दुसऱ्या. कुणाचं घर हलवायची वेळ आली तर पुनर्वसनाची जागा आधी ठरली पाहिजे, आणि ती मुलांची शाळा आणि बायकांची कामं तुटणार नाहीत इतकी जवळ पाहिजे. त्याशिवाय होणाऱ्या कारवाईला सभागृहात विरोध करा, ती तुमच्याच पक्षाने आणली तरी.

त्या नाल्याच्या पाहणीचा नकाशा तयार झाला की मला पाठवा. कोणत्या जागेचं काम कोणत्या लेखाशीर्षात बसेल, ते आपण एकत्र बसून लावू.